देव्हाऱ्याच्या खांबावरचे फळ नेमके कोणते?

ओसरी

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या मूळ घरी एक शिसवी देव्हारा आहे. तो दोनशे वर्षांचा असल्याचे घरात सांगतात, पण या आकड्याला सांगणाऱ्यांच्या आवाजापलीकडे आधार नाही, म्हणून तो कौतुकापुरताच धरावा. देव्हारा साधारण चार फूट उंच असून पुढे पिळाचे दोन खांब, त्यांवर महिरप आणि महिरपीच्या दोन्ही टोकांना मुठीएवढे दोन कळस अशी त्याची रचना आहे. खांबांच्या पिळातून खालपासून वरपर्यंत एक वेल चढत जाते. तिला पाने आहेत, फळांचे घोस आहेत आणि दोन-तीन घोसांनंतर एकेक पक्षी घोसात चोच खुपसून बसलेला आहे. चोच बाकदार असल्यामुळे आमच्याकडे त्याला राघूच म्हणतात.

माझा प्रश्न या फळांविषयी आहे. आजी त्या घोसांना सुपारीची शिपटी, म्हणजे सुपारीचे घड, म्हणत असे. वडील ती द्राक्षे आहेत असे ठामपणे सांगतात. धाकट्या काकांनी एका पाहुण्याला ते काजूचे बोंडू असल्याचे सांगितले आणि पाहुण्याने ते वहीत लिहूनही घेतले. वरच्या कळसांना मात्र सगळेच अननस म्हणतात. यंदा चवथीच्या आधी देव्हारा पुसायला घेतला तेव्हा मी त्याच्यासमोर दोन तास बसले होते आणि त्या दोन तासांत माझे मत तीनदा बदलले.

एकदा फळे दिसू लागली की ती सगळीकडेच दिसतात. आजीची पितळी कोयरी आता माझ्याकडे आहे. कैरीच्या आकाराची ही डबी देठाच्या बारीक टोकाशी एका खिळ्यावर बसवलेली असून झाकण उघडत नाही, तर त्या खिळ्याभोवती आडवे सरकते. आत हळदीचा आणि कुंकवाचा असे दोन कप्पे आहेत, आणि झाकणावरच्या मोराची मान चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. वहिनीच्या बोरमाळेतले मणी बोरांसारखे, साडीच्या पदरावर पुन्हा कोयऱ्याच. इतकी वर्षे हे सगळे डोळ्यांसमोर असूनही, फळच का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

फळ ओळखण्याची काही रीत आहे का, आणि ही फळे या वस्तूंवर कुठून आली असावीत, यावर जाणकारांनी लिहावे. देव्हाऱ्यात देव बसलेले आहेत आणि त्यांचे फोटो चढवलेले आईला पसंत नाही, त्यामुळे माझ्या वर्णनावरच भागवावे लागेल. "काहीही असू शकेल" हे उत्तर घरात पुष्कळदा मिळून झाले आहे.

साष्टीकर

ओसरीताई, पिळाचा खांब, त्यावरून चढणारी वेल, घोस आणि घोसात चोच घातलेला पक्षी ही चौकडी जिथे एकत्र दिसते तिथे माझा पहिला कौल द्राक्षांना असतो, कारण ही चौकडी आपल्याकडे चर्चच्या आल्तारांवरून, म्हणजे वेदींवरून, उतरलेली आहे.

रोमच्या जुन्या सेंट पीटर्स चर्चमध्ये पिळाचे संगमरवरी खांब होते, त्यांवर द्राक्षवेली कोरलेल्या होत्या, आणि ते खांब सलोमोन राजाच्या मंदिरातून आणले आहेत अशी श्रद्धा होती. इटालियन शिल्पकार बेर्निनी याने १६२४ ते १६३३ या काळात नव्या सेंट पीटर्समध्ये जे प्रचंड ब्राँझचे छत्र उभारले त्याला त्याने हाच पीळ दिला आणि तिथून तो साऱ्या कॅथलिक जगात पसरला. बेर्निनीच्या खांबांवर लॉरेलच्या डहाळ्या आहेत, द्राक्षे नाहीत. पोर्तुगालमध्ये मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनेरी मुलाम्याचे जे लाकडी आल्तार घडले, त्यांच्या कारागिरांनी पिळाचे खांब द्राक्षवेलींनी, पक्ष्यांनी आणि बाळदूतांनी असे गच्च भरून टाकले की मूळ खांब शोधावा लागतो. गोव्यातल्या जुन्या इगर्जींत, म्हणजे चर्चमध्ये, आल्तारासमोर उभे राहून मान वर केली की हेच दृश्य दिसते.

चर्चच्या दृष्टीने ही वेल केवळ शोभेची नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला खरी द्राक्षवेल म्हणतो, आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, द्राक्षरस वापरला जातो, त्यामुळे द्राक्षांच्या जोडीला पुष्कळदा गव्हाच्या लोंब्याही असतात. आपल्या देव्हाऱ्यावर लोंब्या आहेत का, ते पाहावे.

हिंदू घरातल्या देव्हाऱ्यावर आल्तारातली वेल कशी चढली, याचे उत्तर कारागिरांत आहे. चर्चच्या कामाला हिंदू कारागीर लावू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले होते आणि १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेतही हा विषय आला होता. एकच मनाई पुनःपुन्हा करावी लागते तेव्हा ती पाळली जात नव्हती असे समजायला हरकत नसावी. जो मेस्त, म्हणजे सुतार, जुवारीच्या अलीकडे आल्तार कोरत होता तोच किंवा त्याचा भाचा पलीकडे देव्हारा कोरत असेल, तर हाताला बसलेले वळण काही नदीच्या काठावर सोडून येत नाही.

बोंडूच्या बाबतीत आपल्या काकांची क्षमा मागतो.

रानवाट

मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे माझा सल्ला एका वाक्याचा आहे: फळाआधी पान पाहावे. फळ कोरताना कारागीर सवलत घेतो, कारण लाकडात गोल मणी कोरणे सोपे असते आणि पाहणाऱ्यालाही ते चालते. पानाच्या बाबतीत मात्र हाताची सवय आड येते आणि तो खरे बोलून जातो.

द्राक्षाचे पान हाताच्या पंजासारखे, तीन किंवा पाच खंडांचे आणि दातेरी असते, आणि पानाच्या समोरून स्प्रिंगसारखा वळलेला ताणा निघतो. सुपारीचे शिपटे पोफळीच्या खोडावर झावळांच्या खालून फुटते, त्याच्या आसपास पान नसते, आणि पोफळ काही कशावर चढत नाही, तेव्हा चढणाऱ्या वेलीवर शिपटी असतील तर कारागिराने काहीतरी एकत्र केले आहे असे मानावे. काजूची खूण सगळ्यांत सोपी आहे, कारण बी फळाच्या बाहेर, बोंडूच्या खालच्या टोकाला लटकते. ती लटकलेली बी दिसत नसेल तर कोरलेल्या प्रत्येक बाकदार आकाराला काजू म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. गोव्यात आज काजू आणि फेणी यांचा इतका गवगवा आहे की प्रत्येक जुन्या कोरीवकामात बोंडू दिसू लागले आहेत.

अननसासंबंधी आणखी एक सावधगिरी सांगतो. अननसाच्या डोक्यावर पानांचा तुरा असतो. तुरा नसेल, नुसतीच एकावर एक खवले असतील, तर तो पाइनचा शंकू असण्याची शक्यता अधिक. रोमन काळापासून युरोपात कळसाच्या जागी हा शंकू बसवतात, तर अननस युरोपीय लोकांनी पाहिला तोच मुळी १४९३ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, ग्वादलूप बेटावर. पोर्तुगीजांनी तो पुढे इकडे आणला आणि नावही ब्राझीलच्या तुपी भाषेतले आले, जसे ते काजूचे आले. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे हे फळ आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकत असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत ते समुद्रापलीकडून बादशहाच्या ताटात पोचले होते. यानंतरच्या वस्तूवर अननस असणे अशक्य नाही, पण तुरा दाखवा आणि अननस म्हणा, असा माझा हट्ट आहे.

दिवाडी

मला वेगळे वाटते. देव्हाऱ्याच्या वर, देवाच्या डोक्यावर फळे टांगण्याची आपली स्वतःची रीत आहेच की. चवथीला आपण माटोळी बांधतो तेव्हा लाकडी चौकटीला सुपारीची शिपटी, नारळ, केळीचा घड, तोरंजे, चिबूड, रानातली कवंडळे आणि कांगणी असे जे जे त्या दिवसांत पिकते ते सारे बांधले जाते. आजींनी शिपटी म्हटले ते उगीच नसेल. वर्षातून काही दिवस टिकणारी माटोळी कायमची टिकावी म्हणून कोणीतरी ती लाकडात कोरून घेतली, अशी कल्पना का करू नये? प्रत्येक गोष्ट रोमहून आणायची गरज नाही.

साष्टीकर

दिवाडी, कल्पना मोहक आहे आणि मला ती खरी ठरलेली आवडेल. पण माटोळीत फळे चौकटीला बांधून खाली सोडलेली असतात, शेजारीशेजारी, प्रत्येक वेगळे. इथे एकच फळ एका वेलीवर खालून वर जाते आहे. शिवाय पिळाचा खांब माटोळीत नसतो. देव्हाऱ्याच्या महिरपीखाली निरनिराळी फळे लटकत असती तर मी आपल्या बाजूने उभा राहिलो असतो.

भाटकार_नव्हे

रानवाट सर, फळे पोर्तुगीजांनी आणली हे आपण सगळे पाठ केलेले आहे, पण सीताफळाचे काय? मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या बौद्ध स्तूपावरील शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे असे वाचल्याचे आठवते. ती शिल्पे तर इसवी सनापूर्वीची आहेत.

रानवाट

आपल्याला आठवते ते बरोबर आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूतच्या स्तूपावर लिहिताना तिथल्या एका फळाला सीताफळ म्हटले होते आणि तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे. सीताफळाचे कूळ अमेरिकेतले. म्हणून ते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या दगडावर आहे असे म्हणायचे तर त्याला दुसरा भक्कम पुरावा हवा. गोल फळावर उठावदार गोट्या कोरल्या की ते सीताफळासारखे दिसते, पण फणस लहान आकारात कोरायचा झाला तरी दगडफोड्या तेच करील. त्याच स्तूपाच्या कठड्याच्या माथ्यावरच्या नक्षीत फणस आणि आंबे आहेत आणि ते इतके स्पष्ट आहेत की कोणालाही ओळखू यावेत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये हा कठडा आहे. मी तिथे अर्धा दिवस घालवला आणि माझ्या मते संशयाचा फायदा फणसालाच द्यायला हवा.

ओळखीचे फळ दिसण्याची ही खोड सगळ्यांनाच असते. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला आणि १५९६ मध्ये त्याचा प्रवासग्रंथ छापला गेला. त्यातल्या ताम्रपटांवरून छापलेल्या चित्रांत आपले आंबे, फणस, काजू आणि अननस आहेत. युरोपातल्या ज्या वाचकांनी फणस कधी पाहिला नव्हता त्यांना तो या रेघांतून कळला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात आंब्या-फणसांवर जे बारकाईने लिहिले आहे ते वाचले की पाहणे आणि ओळखणे यांतले अंतर कळते.

मूर्तिवेडी

इतकी फळे येऊन गेली आणि महाळुंग, हे लिंबाच्या जातीचे मोठे फळ, अजून आले नाही, म्हणून लिहिते. आपल्या मूर्तिशिल्पातला पहिल्या पंगतीचा मान माझ्या मते आंब्याचा किंवा नारळाचा नसून महाळुंगाचा आहे, आणि आज तेच फळ सर्वांत कमी लोकांना ओळखता येते.

दुर्गासप्तशतीच्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या चार हातांत मातुलुंग, गदा, खेटक (ढाल) आणि पानपात्र सांगितले आहे. मातुलुंग किंवा मातुलिंग म्हणजेच महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात ते आहे, आणि आपल्या बांदोड्याच्या महालक्ष्मीचे नातेही त्याच कोल्हापूरशी जोडले जाते. शिवाचा अवतार मानलेल्या लकुलीशाच्या एका हातात दंड असतो आणि दुसऱ्या हातात महाळुंग. घारापुरीच्या लेण्यातल्या विराट महेशमूर्तीच्या मधल्या मुखासमोर जो हात उचललेला आहे त्यातही तेच फळ आहे. बौद्धांचा धनदेव जंभल एका हातात रत्ने ओकणारे मुंगूस आणि दुसऱ्या हातात हेच फळ धरून बसतो. शैव, शाक्त आणि बौद्ध अशा तिघांनीही एकच फळ उचलावे याचे कारण त्याच्या दुसऱ्या नावात असावे. महाळुंगाला बीजपूर म्हणतात, म्हणजे बियांनी भरलेले. सगळ्या सृष्टीचे बीज देवाने मुठीत धरले आहे, असा त्याचा अर्थ घेतात. (या बीजपूराचा विजापूरशी काही संबंध नाही. मला हा प्रश्न दोनदा विचारला गेला आहे.)

या नावामुळेच एक घोटाळा झाला. महागणपतीच्या ध्यानात बीजपूर येते. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या काहींनी बियांनी भरलेले म्हणजे डाळिंब असे ठरवले, आणि तिथून ते मराठी पुस्तकांत डाळिंब होऊन परत आले. मूर्तीसमोर उभे राहिल्यावर फरक कळतो. महाळुंग लांबट असते, त्याची साल खडबडीत असते आणि टोकाला बोंडासारखा उंचवटा असतो. डाळिंब गोल असते आणि त्याच्या टोकाला पाकळ्यांचा छोटा मुकुट असतो. गणपतीच्या हातातले फळ चुण्या असलेले दिसले तर ते फळच नव्हे, तो मोदक.

आंब्याला मी कमी लेखत नाही. जैन तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी अंबिका हातात आंब्यांचा घोस घेऊन मुलासह बसते. त्या घोसाला आम्रलुंबी असा सुंदर शब्द आहे, आणि ज्यांना ही खूण माहीत नाही त्यांना ती सरळ सरळ देवी वाटते. बांदोड्यालाच नेमिनाथांच्या बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, अवशेष आहेत. एका गावात महालक्ष्मी आणि नेमिनाथ, म्हणजे महाळुंग आणि आंबा यांची घरे शेजारीशेजारी आली.

चितारआळी

सावंतवाडीहून लिहितो आहे. आमच्याकडे लाकडी फळे करतात ती तुम्हा गोंयकारांच्या घरांतही गौरी-गणपतीच्या आराशीत असतात. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ असते, ते खरादावर कातून त्यावर रंग चढवतात. कारल्याचे खवले, केळ्यावरचे काळे ठिपके, पेरूचा देठ, सारे असे हुबेहूब की लहान मुले दात लावतात. मला या धाग्यावरून एक जाणवले. चितार फळाची नक्कल करतो म्हणून त्याच्या समोर खरे फळ असावे लागते, पण खांबावर वेल कोरणारा मेस्त मागच्या मेस्ताने कोरलेल्या वेलीची नक्कल करतो. त्याने द्राक्ष पाहिलेले असेलच असे नाही.

ओसरी

सर्वांचे आभार. चितारआळी यांचे शेवटचे वाक्य डोक्यात बसले आहे. पान पाहायला शनिवारी गावी जाणार आहे. तोवर आणखी एक कोडे घालते.

आजोबांनी मडगावच्या एका लिलावातून आणलेली मोठी चिनी बशी आमच्याकडे आहे. चांदरच्या मोठ्या घरांतून जशा दिसतात तशीच, पण कडेला टवका उडालेला. तिच्यावर तीन ठिकाणी तीन फळे रंगवली आहेत. एक गुलाबी झाक असलेला आंबा, एक फुटून दाणे दिसणारे डाळिंब आणि तिसरा, विश्वास ठेवा, आल्याचा पिवळा गड्डा. आले हे फळ नाही एवढे मला कळते.

साष्टीकर

आंबा नाही तो. पान लांब आणि अरुंद असेल आणि फळाच्या टोकाला चोच असेल तर ते पीच आहे. चिनी लोकांत पीच म्हणजे दीर्घायुष्य. डाळिंब म्हणजे पुष्कळ मुले, म्हणून ते नेहमी फुटलेले दाखवतात. या दोघांच्या जोडीला जे तिसरे येते त्याला बुद्धाचा हात म्हणतात. ते एक लिंबाच्या जातीचे फळ असून त्याला बोटांसारखे फाटे फुटलेले असतात. चिनी भाषेत त्याच्या नावाचा उच्चार आशीर्वाद आणि दीर्घायुष्य या शब्दांजवळ जातो, म्हणून ते शुभ. तीन समृद्धींची ही त्रयी चिनी मातीच्या भांड्यांवर सर्रास आढळते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मकाववरून गोव्याला अशी भांडी येत, आणि उतरून घेणाऱ्यांना त्या फळांचा अर्थ माहीत असण्याचे काही कारण नव्हते. आपल्या घरात पीचचा आंबा झाला, तसाच तो इतर घरांतही झाला असणार.

रानवाट

आल्याच्या गड्ड्यावर मला राहवत नाही. बुद्धाचा हात हा महाळुंगाचाच एक प्रकार आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांची जात एकच. मूर्तिवेडीताई, तुमच्या महालक्ष्मीच्या हातातले फळ ओसरीताईंच्या घरात अगोदरच बशीवर येऊन बसले होते.

मूर्तिवेडी

हे वाचून मी खुर्चीतून उठले. ओसरीताई, ती बशी जेवणाच्या टेबलावर वापरत असाल तर कृपया थांबा.

जुने_शिसव

माझा धंदा जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करण्याचा. विद्वत्ता तुम्हा मंडळींकडे आहे, मी खिळ्यांबद्दल सांगतो. ओसरीबाय, शनिवारी जाल तेव्हा बॅटरी घेऊन खांबांची मागची बाजू पाहा. लाकडी खुंटी किंवा लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा असेल तर काम जुने. गोल तारेचा खिळा असेल तर ते काम किंवा ती दुरुस्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची अथवा त्यानंतरची. दोन्ही खांब वेगवेगळे तपासा. आपल्या हवेत पुढचा खांब ज्या बाजूने पावसाची झड लागते त्या बाजूने आधी जातो, आणि मग कोणीतरी दुसरा कोरून बसवतो. जोडीचे खांब म्हणून माझ्याकडे आलेल्यांतले पुष्कळ सावत्र भाऊ निघाले आहेत.

कळस कातीव असावेत. कातीव कळसावर खवले नंतर पटाशीने काढतात. त्याचा तुरा त्याच लाकडात निघत नाही, तो वेगळा करून वरून खुंटीने बसवतात आणि सर्वांत आधी तोच हरवतो. तेव्हा माथ्यावर भोक आहे का, ते पाहावे.

आणि हात जोडून सांगतो, पॉलिश लावू नका. मऊ कोरडा ब्रश पुरे.

ओसरी

काल जाऊन आले. सविस्तर लिहिते.

प्रथम उजवा खांब. पान पाच खंडांचे आहे, कडा दातेरी आहेत आणि दर पानासमोर एक वळलेला ताणा आहे. घोस निमुळते, मणी लहान. मागून लाकडी खुंट्या. वडील जिंकले. गव्हाच्या लोंब्या कुठेही नाहीत.

मग डावा खांब. इतकी वर्षे मी या दोघांना जोडीचे समजत होते. लांबून ते जोडीचेच वाटतात, पीळही उलटसुलट बरोबर जुळवला आहे. पण डाव्या खांबावरचे पान अखंड आहे, हृदयाच्या आकाराचे, टोक पुढे ओढलेले आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना शिरा कोरलेल्या. ताणे अजिबात नाहीत. मणी उजवीकडच्यापेक्षा मोठे, जरासे लांबट, आणि प्रत्येकाच्या देठाशी एक टोपी आहे. मी माजघरातून सोललेली नसलेली सुपारी आणून शेजारी धरली. टोपी तीच होती. खांबाच्या मागे गोल तारेचे तीन खिळे. राघूही या बाजूचा जास्त राघू आहे. उजवीकडच्या पक्ष्याची चोच आता पाहिली तर बरीच सरळ आहे.

म्हणजे आजी देव्हाऱ्याच्या डाव्या बाजूला बसून पूजा करीत असे आणि वडील उजव्या बाजूला, एवढाच काय तो पन्नास वर्षांचा वाद.

रानवाट

पान नागवेलीचे. आणि मी पोफळ कशावर चढत नाही असे वर लिहिले होते ते खरे, पण तुमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळीवर पानवेल चढते. वेल कोरणाऱ्याने खांबाला पोफळ मानले आणि त्यावर पानवेल चढवून शिपटी जिथे असतात तिथे ठेवून दिली. विड्याचे पान आणि सुपारी.

भाटकार_नव्हे

हृदयाच्या आकाराचे पान मिरवेलीचेही असते, आणि तीही पोफळीवरच चढते.

रानवाट

मिरीचा घोस शेंगेसारखा लांब आणि बारीक, दाणे देठाला चिकटून. त्याला टोपी नसते.

दिवाडी

शिपटी निघाली ना! अर्धी माटोळी तरी माझ्या नावावर टाका.

साष्टीकर

टाकली. उजवा खांब मी माझ्याकडे ठेवतो.

जुने_शिसव

दुसऱ्या मेस्ताकडे पहिला खांब समोर असणारच, नाहीतर पीळ जुळला नसता. म्हणजे त्याने पाच खंडांचे पान पाहिले होते आणि तरी ते कोरले नाही. कळसांचे काय झाले?

ओसरी

उजव्या कळसाच्या माथ्यावर करंगळीएवढे भोक आहे आणि त्यात मेण भरलेले होते. मेण सुईने काढले तेव्हा तळाशी तुटलेल्या खुंटीचा तुकडा लागला, म्हणजे वर काहीतरी वेगळे बसवलेले होते. डाव्या कळसाचा माथा साफ आहे, भोक नाही. आईने फडताळातले जुने डबे उद्या काढते असे सांगितले आहे.